खाच की उंचवटा?

आमचा एसी बघायला येणाऱ्या मुलाकडे तापमान मोजायची बंदूक असते. करोनाच्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर वॉचमन कपाळावर रोखायचा, तिचीच ही थोरली बहीण. हिचा पल्ला मात्र उणे ५० पासून थेट ४०० अंशांपर्यंत. जानेवारीतल्या एका दुपारी तो चहा घेत होता, तेवढ्यात मी ती मागून घेतली आणि गच्चीत गेलो. कठडा ३४, पाण्याची काळी टाकी ४१, सावलीतली फरशी २३. सगळं अपेक्षेप्रमाणे. मग बंदूक सरळ डोक्यावरच्या निळ्या आकाशावर रोखली आणि घोडा दाबला. उणे २३.

“काका, वर कशाला धरताय? वर काय आहे?” तो मागून म्हणाला.

प्रश्न नेमका होता. वर हवा होती, आणि ती काही उणे २३ नव्हती. मी तिच्यातच अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभा होतो. थोड्या वेळाने एक पांढरा ढग सरकत आला. त्याच्यावर रोखली तर आकडा उणे ६ वर चढला. ढग गेला, आकडा पुन्हा खाली.

बंदुकीला थंडी-ऊन काही जाणवत नाही. ती फक्त उजेड मोजते, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. ऊब असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त प्रकाश, म्हणजे इन्फ्रारेड, टाकत असते. सूर्यासारखी तापलेली वस्तू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त झळकते. माणूस, भिंत, समुद्र, भाकरीचं पीठ, साधारण खोलीच्या तापमानाचं जे जे काही आहे ते १० मायक्रॉनच्या आसपास. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या बंदुका ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघतात. हा पट्टा निवडण्याचं कारण असं की त्याच्या बहुतेक भागात हवा जवळजवळ पारदर्शक असते, मध्ये लुडबूड करत नाही. म्हणून वर रोखल्यावर बंदुकीची नजर हवेत अडत नाही, ती पार पलीकडच्या अंतराळाच्या गारठ्याकडे जाते. उणे २३ पेक्षा आकडा खाली गेला नाही तो वाटेतल्या थोड्याफार बाष्पामुळे आणि पट्ट्याच्या कडेला असलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ढग आला की नजर ढगाच्या तळाशी थांबते.

या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला ती नाव न घेता ठाऊक असते. डिसेंबर-जानेवारीत ढग आले की रात्र बरी जाते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पारा कोसळतो आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. जमिनीची ऊब याच खिडकीतून निसटत असते.

आता बंदूक उलटी करू. गच्चीऐवजी अकराशे किलोमीटर वर जाऊ आणि खाली रोखू. आकडाही एकच नको. प्रत्येक तरंगलांबीचा वेगळा हवा. म्हणजे वर्णपट.

हे १९६९ आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या निंबस-३ आणि निंबस-४ या हवामान उपग्रहांनी केलं. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या रुडॉल्फ हानेल यांच्या गटाने त्यांच्यावर ‘आयरिस’ नावाचं उपकरण बसवलं होतं. उद्देश साधा होता, हवेचं तापमान आणि बाष्प मोजायचं, म्हणजे हवामानाचे अंदाज सुधारतील. पण त्यातून पृथ्वीचे जे आलेख निघाले ते आज पन्नासपेक्षा जास्त वर्षांनी दूरच्या ताऱ्यांचे ग्रह अभ्यासणाऱ्यांच्या टेबलावर आहेत. हानेल यांचा सहारा वाळवंटावरचा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो डोंगररांगेच्या आडव्या छेदासारखा वाटला होता. डावीकडून उजवीकडे तरंगलांबी, खालून वर उजेड. ८ ते १२ मायक्रॉनच्या दरम्यान उंच पठार. त्या पठाराची उंची तापमानात वाचली तर साधारण ४७ अंश सेल्सिअस: ही दुपारची तापलेली वाळू. पठाराच्या मधोमध, ९.६ मायक्रॉनला, एक अरुंद घळ. आणि १५ मायक्रॉनपाशी जमीनच खचल्यासारखी रुंद, खोल दरी, तिच्या तळाशी उणे ५० च्या आसपासचं तापमान. त्याही पलीकडे, १८-२० मायक्रॉननंतर, बारीक बारीक करवती दात.

दात बाष्पाचे आहेत. घळ ओझोनची. दरी कार्बन डायऑक्साइडची.

आता गंमत पाहा. हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन. या आलेखात त्यांचा पत्ताच नाही. दोन सारखे अणू एकमेकांना धरून बसलेले. त्यांनी कितीही ताणाताणी केली तरी रेणूतला विद्युतभार दोन्हीकडे सारखाच राहतो, त्यामुळे अवरक्त लाटेला पकडायला काही सापडत नाही. अवरक्तात हे दोघे मुके. कार्बन डायऑक्साइड हवेत दहा हजारांत चार रेणू एवढासाच, पण सर्वांत मोठी दरी त्याची. त्याचा रेणू कावडीसारखा आहे: मध्ये खांद्यावर कार्बन, दोन टोकांना ऑक्सिजनच्या दोन घागरी. चालताना कावड वाकते तसा तो वाकतो, सेकंदाला सुमारे २० लाख कोटी वेळा. १५ मायक्रॉनच्या लाटेचा ताल नेमका हाच, म्हणून ती लाट या रेणूला दिसली की तो ती गिळतो. ओझोनचं त्याहून नवल. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवर आणून इथल्या दाबाखाली पसरला तर थर होईल जेमतेम ३ मिलिमीटरचा. तसबिरीवरच्या काचेएवढा. तरीही अंतराळातून त्याची घळ स्पष्ट दिसते.

‘गिळतो’ म्हटलं ते अर्धंच खरं आहे, आणि पुढचं सगळं उरलेल्या अर्ध्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे थोडं थांबू. वायू जी लाट गिळतो तीच लाट तो टाकतोही, मात्र स्वतःच्या तापमानाप्रमाणे. १५ मायक्रॉनला जमिनीवरून निघालेला उजेड काही मीटरांतच गिळला जातो. तिथली हवा तो पुन्हा टाकते, वरची हवा गिळते, असं करत करत शेवटी जिथे वर फारसा कार्बन डायऑक्साइड उरत नाही तिथून उजेड सुटतो. ती जागा पार स्थितांबरात, विमानांच्याही वर. उपग्रहाला १५ मायक्रॉनला जी पृथ्वी दिसते ती ही. आठव्या मजल्यावरच्या माणसाला तळमजल्यावर काय चाललंय ते विचारलं तर तो आपल्याच मजल्याची हकिगत सांगतो, तसं. खिडकीच्या पट्ट्यात तळमजला दिसतो, बाष्पाच्या पट्ट्यात मधले मजले, १५ ला गच्ची. वर्णपट म्हणजे एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर टांगलेले थर्मामीटर.

म्हणून दरी दिसली तर ती दोन गोष्टी सांगते. एक, तो वायू तिथे आहे. दोन, वरचे मजले खालच्यापेक्षा थंड आहेत. दुसरी गोष्ट विसरली जाते.

ती विसरू नये म्हणून निंबसने अंटार्क्टिकाचाही आलेख दिला. सहाराचा पाहिल्यावर तो उलटा छापलाय की काय असं वाटतं. खिडकीचं पठार पार खाली, उणे ८० अंशांच्या आसपास: तो बर्फाचा पृष्ठभाग. आणि १५ मायक्रॉनपाशी, जिथे दरी हवी तिथे, उंचवटा. वायू तोच आणि हवेतला त्याचा वाटाही तोच. फरक एवढाच की अंटार्क्टिकावर तळमजलाच स्थितांबरापेक्षा गारठलेला आहे, त्यामुळे वरचा मजला उजळ दिसतो. पश्चिम पॅसिफिकमधल्या एका गडगडाटी ढगावरचा तिसरा आलेख आणखी वेगळा, जवळजवळ सपाट. ढगाचा माथाच स्थितांबराच्या पायथ्याशी पोचलेला. खाली आणि वर फरकच उरला नाही, मग दरी कुठून येणार?

हा तिसरा आलेख आपल्या घरात रोज यायचा, फक्त आपण त्याला आलेख म्हणत नव्हतो. जून-जुलैत बातम्यांच्या शेवटी इन्सॅटचं जे ढगांचं चित्र दाखवतात, ते बहुतेक वेळा १० ते ११ मायक्रॉनच्या पट्ट्यातलं असतं. म्हणून तर ते रात्रीही मिळतं. त्यात जे जितकं थंड ते तितकं पांढरं रंगवलेलं. कोकणावर पांढराशुभ्र ठिपका दिसला की आपण म्हणतो, आज धो धो. त्या ठिपक्याचं तापमान उणे ६०-७० असतं. खाली चिपळूणमध्ये लोक घामाने भिजलेले, आणि अवरक्तात त्याच जागेचा थाट ध्रुवप्रदेशाचा.

इथवर आपण जवळून बघत होतो. सहारा वेगळा, कोकण वेगळा. दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह असा तुकड्यातुकड्याने दिसणार नाही. अख्खा ग्रह एक ठिपका, आणि ठिपक्याचा एकच वर्णपट. पृथ्वीला असं ठिपका करून बघायची संधी नोव्हेंबर १९९६ मध्ये मिळाली. मंगळाकडे निघालेल्या मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने वाटेत आपलं उपकरण तपासण्यासाठी मागे वळून पृथ्वीकडे पाहिलं. अंतर सुमारे ४७-४८ लाख किलोमीटर, चंद्राच्या बाराएक पट. उपकरणाच्या एका चौकटीत अख्खी पृथ्वी मावत होती आणि भोवती जागाही उरत होती. मंगळावरच्या खडकांसाठी बनवलेलं ते यंत्र. त्याने पृथ्वीच्या ठिपक्यात १५ मायक्रॉनची दरी, ओझोनची घळ आणि बाष्प तिन्ही दाखवले. वाळवंट, महासागर, ढग, बर्फ यांची सरासरी काढूनही खुणा पुसल्या गेल्या नाहीत.

मंगळ आणि शुक्राचे वर्णपट शेजारी ठेवले की या खुणांचा अर्थ उलगडतो. १५ मायक्रॉनची दरी तिघांनाही आहे. ओझोनची ठळक घळ आणि बाष्पाचे दात पृथ्वीलाच. शुक्राच्या बाबतीत एक ताकीदही मिळते. त्याच्या जमिनीवर ४६० अंशांच्या वर तापमान, शिसं वितळेल असं. पण त्याचा अवरक्त उजेड येतो तो ढगांच्या माथ्यावरून, आणि तो माथा पृथ्वीपेक्षा थंड. केवळ उजेडावरून तापमान ठरवायचं म्हटलं तर शुक्र हा आपल्यापेक्षा गार, निवांत ग्रह ठरेल. पृथ्वीचाही हिशेब तसा फसवाच: बाहेरून एकूण उजेड मोजला तर उणे १८ अंश, प्रत्यक्ष जमिनीची सरासरी अधिक १५. मधला ३३ अंशांचा फरक म्हणजे हरितगृह परिणाम, आणि तो ओळखता येतो तो खिडकी आणि दरी यांच्या उंचीतल्या फरकावरूनच.

ओझोनला एवढं महत्त्व का? कारण ऑक्सिजन स्वतः मुका आहे आणि ओझोन त्याचा बोलका नातेवाईक. ऑक्सिजनच्या रेणूंवर अतिनील किरण पडले की ओझोन बनतो. हवेत ऑक्सिजन आजच्या शंभराव्या हिश्शाइतका असला तरी ओझोन नजरेत भरेल इतका तयार होतो. पण नुसता ऑक्सिजनही पुरेसा साक्षीदार नाही. काही ग्रहांवर पाणी अतिनील किरणांनी फुटून, हायड्रोजन उडून जाऊनही तो साठू शकतो. खरी खूण जोडीत आहे. पृथ्वीच्या वर्णपटात ७.७ मायक्रॉनजवळ मिथेनची एक लहानशी खूण असते. ऑक्सिजनच्या हवेत मिथेन साधारण दहा वर्षांत जळून संपतो. तरीही तो आहे, म्हणजे कुणीतरी तो सतत भरतंय: भातशेती, दलदली, गाईगुरांची पोटं, आणि हल्ली आपल्या खाणी आणि गॅसच्या गळत्या.

हा विचार शास्त्रज्ञ जेम्स लवलॉक यांचा. १९६० च्या दशकात नासाने त्यांना मंगळावरचं जीवन शोधणारी उपकरणं सुचवायला बोलावलं होतं. इतर जण माती उकरून जंतू वाढवायच्या पेट्या आखत होते. लवलॉक यांचं म्हणणं होतं की तिथे जायची गरजच काय, हवा तपासा. जिवंत ग्रहाची हवा रासायनिक समतोलात नसते, एकमेकांना खाणारे वायू तिच्यात सोबत नांदतात. १९६५ च्या सुमारास फ्रान्समधून पिएर आणि जानीन कॉन या खगोलशास्त्रज्ञांनी घेतलेले मंगळ आणि शुक्राचे अवरक्त वर्णपट समोर आले. दोन्हीकडे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. समतोलात बसलेली, निपचित हवा. लवलॉक यांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. माती उकरण्यासाठी यान पाठवू पाहणाऱ्यांना हे फारसं रुचलं नाही, हे सांगायला नको.

मग १९९० च्या डिसेंबरात गॅलिलिओ यान गुरूकडे जाण्यासाठी वेग घ्यायला पृथ्वीजवळून गेलं आणि कार्ल सेगन यांनी त्याच्याकडून पृथ्वीचीच परीक्षा घेतली. अट अशी की इथे कुणी राहतं हे आधीपासून माहीत आहे असं धरायचं नाही. ऑक्सिजन, मिथेन, लाल प्रकाश गिळणारं कसलंसं द्रव्य आणि नैसर्गिक वाटू नयेत असे रेडिओ संकेत, एवढं हाती लागलं. आपल्याकडेही हा खेळ झाला आहे. चांद्रयान-३ च्या प्रणोदन भागावर ‘शेप’ नावाचं उपकरण होतं. त्याचं काम चंद्राकडे नव्हे, पृथ्वीकडे बघायचं, ती दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह आहे असं समजून. ते १ ते १.७ मायक्रॉनमध्ये पाहतं, म्हणजे पृथ्वीची स्वतःची ऊब नव्हे, तिच्यावरून परतलेला सूर्यप्रकाश. सगळं लक्ष चंद्रावर उतरणाऱ्या विक्रम आणि प्रज्ञानकडे असल्याने या बिचाऱ्याची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात छापली गेली.

आता मला खरा मुद्दा वाटतो तो. पृथ्वीचा वर्णपट आपल्याकडे आहे म्हणजे नमुना उत्तर आहे, आता दूरच्या ग्रहांचे पेपर त्याच्याशी ताडून बघायचे, असा एक समज असतो. मला तो धोक्याचा वाटतो. पृथ्वीचा एकच वर्णपट असा नाहीच. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या एका गटाने नासाच्या ॲक्वा उपग्रहाची मोजमापं घेऊन, पृथ्वी चार बाजूंनी ठिपक्यासारखी कशी दिसेल ते उभं केलं: उत्तर ध्रुवावरून, दक्षिण ध्रुवावरून, आफ्रिका समोर ठेवून आणि पॅसिफिक समोर ठेवून. १० मायक्रॉनच्या आसपास उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर वर्षभरात उजेड ३३ टक्क्यांनी वरखाली होतो, आफ्रिकेच्या बाजूने २२ टक्क्यांनी. दक्षिण ध्रुवावरून किंवा पॅसिफिककडून पाहिलं तर ऋतू फारसे जाणवतच नाहीत. समुद्र तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. आपल्याकडे अलिबाग आणि अकोल्यात जो फरक, तोच ग्रहाच्या मापावर. शिवाय विषुववृत्ताकडून बघणाऱ्याला एका गोलार्धाचा उन्हाळा आणि दुसऱ्याचा हिवाळा एकाच ठिपक्यात मिसळून मिळतो, दोन्ही एकमेकांना खोडतात. दूरच्या ग्रहाची कुठली बाजू आपल्याकडे आहे हे आपण ठरवत नाही. याच गटाने पुढे हाही हिशेब केला की ३३ प्रकाशवर्षांवरून पृथ्वी पाहिली तर काय निष्कर्ष निघेल. कार्बन डायऑक्साइड, पाणी, ओझोन, मिथेन सापडले, हवामान सौम्य असल्याचंही कळलं. ऋतू आणि विखुरलेल्या ढगांनी आकडे थोडे हलले, निकाल नाही.

काळाचाही प्रश्न आहे. इथे जीवन किमान साडेतीन अब्ज वर्षांपासून आहे, पण हवेत ऑक्सिजन ठरण्यासारखा वाढला तो सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी. त्याआधी कुणी दुर्बीण लावली असती तर ओझोनची घळ दिसली नसती. अब्जावधी जंतूंनी भरलेल्या समुद्रांवर ‘रिकामा’ असा शेरा पडला असता.

बरं, हे सगळं वाचायला आधी तो ठिपका ताऱ्यापासून वेगळा दिसायला हवा. दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या हजार कोटी पट तेजस्वी. १० मायक्रॉनला हेच प्रमाण एक कोटीपर्यंत उतरतं, कारण इथे पृथ्वी स्वतःच्या उबेने झळकते. हजार पटींचा फायदा अवरक्ताने फुकटात दिला. पण तो वसूलही करून घेतला: तरंगलांबी वीस पट मोठी, म्हणून दोन ठिपके सुटे दिसायला आरसाही तेवढाच मोठा लागतो. ३३ प्रकाशवर्षांवरची पृथ्वी तिच्या सूर्यापासून अलग करायला वीसएक मीटरचा आरसा हवा, आणि तो अंतराळात, गोठवलेला. कारण १० मायक्रॉनला आपलं आकाश, दुर्बिणीची नळी, दुर्बीण चालवणारा माणूस, सगळेच झळकत असतात. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा आहे.

यावर १९७८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी एक युक्ती सुचवली. एक मोठा आरसा नको. दोन दुर्बिणी एकमेकींपासून दूर ठेवा, त्यांचा प्रकाश एकत्र आणा, पण एकीचा अर्ध्या लाटेने उशिरा. समोरच्या ताऱ्याच्या लाटेचा माथा दुसरीच्या खळग्यावर पडतो आणि तारा विझतो. ग्रह किंचित बाजूला असल्याने त्याच्या लाटा अशा जुळत नाहीत, तो शिल्लक राहतो. युरोपची ‘डार्विन’ आणि अमेरिकेची अशीच एक मोहीम या कल्पनेवर आखली गेली आणि २००७ च्या सुमारास दोन्ही बासनात गेल्या. आता झुरिकचीच मंडळी ‘लाइफ’ नावाने चार दुर्बिणींचा ताफा मांडत आहेत, ४ ते १८.५ मायक्रॉनचा. तो अजून कागदावर आहे.

तोवर वेब जे करू शकते ते करते आहे. ४० प्रकाशवर्षांवर ट्रॅपिस्ट-१ नावाचा एक मंद लाल तारा आहे, गुरूपेक्षा किंचित मोठा, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या मापाचे सात खडकाळ ग्रह. तारा आणि ग्रह वेगळे दिसत नाहीतच. म्हणून दोघांचा मिळून उजेड मोजायचा, ग्रह ताऱ्यामागे गेला की पुन्हा मोजायचा, वजाबाकी करायची. सर्वांत आतला ग्रह, ‘बी’, दीड दिवसात फेरी मारतो. तो मागे गेला की उजेड हजारातल्या एका भागापेक्षाही कमी घटतो. २०२३ मध्ये १५ मायक्रॉनवर, म्हणजे नेमका दरीच्या जागी, ही वजाबाकी झाली. दिवसाच्या बाजूचं तापमान सुमारे २३० अंश आलं. ताऱ्याची ऊब रात्रीच्या बाजूला नेणारी हवाच नसेल तर जेवढं यावं, जवळपास तेवढंच. दरी नाही. कार्बन डायऑक्साइड असता तर इथे खळगा पडला असता. उघडा खडक, अशी बातमी जगभर गेली.

मग १२.८ मायक्रॉनची मोजणी आली आणि तिथे ग्रह अपेक्षेपेक्षा गार निघाला. दोनच बिंदू, पण १५ चा वर आणि १२.८ चा खाली. असा आलेख आपण आधी पाहिलेला आहे. अंटार्क्टिकाचा. म्हणजे दोन शक्यता: एकतर पृष्ठभागावर १२.८ ला कमी झळकणारा एखादा खडक, नाहीतर कार्बन डायऑक्साइडची जाड हवा, जिच्यात वर तरंगणारं धुरकट काहीतरी ताऱ्याचा उजेड पिऊन वरचा मजला तापवतं आहे. तसं असेल तर १५ मायक्रॉनला दरी पडणारच नाही, उंचवटा येईल. दरी नाही म्हणून हवा नाही, असं म्हणणाऱ्यांना निंबसचा पन्नास वर्षांपूर्वीचा कागद आडवा आला.

यातून सुटायला ग्रहाची रात्रीची बाजू बघणं भाग होतं. असे जवळचे ग्रह ताऱ्याला एकच तोंड दाखवत फिरतात. जाड हवा असेल तर ती उष्णता मागच्या अंधारात पोचवेल, जशी आपल्याकडे ढगाळ रात्र ऊब धरून ठेवते. म्हणून पूर्ण फेरीभर, बी आणि शेजारच्या ‘सी’ या दोन्ही ग्रहांवर वेब रोखून ठेवली गेली, पुन्हा १५ मायक्रॉनलाच. बी ग्रहाचा दिवस तापलेला निघाला. त्याच्या रात्रीकडून मोजण्यासारखं काहीच आलं नाही.